नमुन्याची पुडी

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. फोन केला की तू "बरी आहे रे" एवढं म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही. तू तर नाहीच ठेवणार, कारण हे अक्षर तूच माझा हात धरून घोटून घेतलेलं आहे.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी वहीत उतरवलं होतं, ते परत लिहितो. तू तिथे मान हलवत होतीस, पण तुझं लक्ष त्यांच्या कोटाच्या काजांकडे होतं. बाहेर आल्यावर म्हणालीसही, "मशीनचं काम आहे, आठ दिवसांत उसवेल."

आजाराचं नाव आमवात. तो थंडीने किंवा जास्त शिवण्याने झालेला नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, असं ते म्हणाले. सकाळी तासभर तुझी मूठ वळत नाही, दोन्ही हातांची बोटं सारखीच सुजतात, त्यावरून त्यांना संशय आला आणि रक्तातही तेच निघालं. पुढचं त्यांनी सांगितलं ते शब्दाला शब्द असं: "चार महिन्यांत आलात हे फार चांगलं केलंत. हाडाला अजून धक्का नाही. आत्ता धरला तर हा आजार दाबून ठेवता येतो. वेळ घालवलात आणि एकदा बोट वाकलं, की मग ते आमच्याच्याने सरळ होत नाही."

आईला हे कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी ती पेला दोन मनगटांमध्ये धरून पाणी प्यायची. ते मी विसरलेलो नाही आणि तूही नाहीस, म्हणून या बाबतीत मस्करी नको.

आता गोळ्या. रविवारी जेवणानंतर एकाच वेळी सहा. हेच खरं औषध. बाकीचे सहा दिवस दुसरी गोळी, रोज एक. ती पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. दोन्ही बारीक आणि पिवळ्या आहेत. तुझ्या अंगठ्याला स्ट्रिपमधून गोळी फोडवत नाही, तू दाताने फोडतेस, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. म्हणून बुधवारी तू मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात काजं केलेला कोट पोचवायला गेलीस तेवढ्या वेळात बारा आठवड्यांच्या सगळ्या गोळ्या मी स्वतः फोडल्या आणि वार लिहून पुड्या भरल्या. दुकानात बियाणं भरतो त्याच पद्धतीने : दोन वाट्या, वाटीखाली चिठ्ठी. वाटीत चिठ्ठी ठेवली तर ती मालात मिसळते. दहाला बसलो, सव्वाबाराला उठलो. तू येण्याआधी टेबल आवरलेलं होतं. तुझ्या त्या खिडकीला पडदा लाव. अकराला ऊन थेट डोळ्यांत येतं. गोळ्या फोडून झाल्यावर मला खुर्ची टेबलाच्या पलीकडे न्यावी लागली.

दुकानात प्रत्येक मालाची एक पुडी नमुना म्हणून बाजूला ठेवतात. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मालक ती फोडून दाखवतात. सवयीने मी तुझ्याही दोन पुड्या, एक रविवारची आणि एक रोजची, इथे आणल्या आहेत. हसू नकोस.

चार आठवड्यांनी, म्हणजे पाच ऑक्टोबरला, रक्त तपासायचं आहे. विसरायचं नाही.

तुझा,
टिपण्या

१९ सप्टेंबर

टिपण्या,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण तू परीक्षा घेशील.

पुड्यांचा डबा शिवणाच्या टेबलावरच ठेवला आहे. मास्तर सुटाचं कापड द्यायला आले होते. त्यांनी एक पुडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "औषध आहे का मुळ्याचं बी?" मी म्हटलं, "पाणी घालून बघू, चार दिवसांत कळेल." ते म्हणाले, "उगवलं तर तुझ्या भावाला सांगून एक वाफा मलाही." म्हणजे माझ्या आजाराची इथे अशी किंमत आहे.

पण खरं सांगते, तुझ्या अक्षरातला "मंगळवार" हातात घेतला की बरं वाटतं. शाळा सुटली तेव्हा सातवीतलं पोर म्हणत होतं, आता मी लिहून काय करू. घे, हे केलंस.

सकाळचा तास आता पाऊण तासावर आला आहे. परवा केस माझे मी विंचरले. गुण येतोय म्हणायचा.

तुझा निळा शर्ट घेतला आहे शिवायला. सात काजं आहेत, पाच झाली. हाताने केलेली, मशीनची नाहीत. रोज एकच करते, दुपारी, बोटं सैल असतात तेव्हा. आधी चीर द्यायची आणि मग कडेकडेने टाके घालत तिला सांभाळायची. कापायला एक क्षण लागतो, सांभाळायला पाऊण तास. तुला सांगून काय उपयोग, तुला अजून बटणसुद्धा लावता येत नाही.

पडदा लावणार नाही. मला ते ऊन लागतं, त्यात बोटं शेकते.

ताई

३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पाऊण तास हे मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तुझी बहीण बरी होतेय तर तू का रडवेला?" मी रडवेला नव्हतो, माझं तोंडच तसं आहे.

परवा पाच तारीख. रक्ताची तपासणी. उपाशीपोटी जायचं की नाही ते मी त्या वेळी विचारायला विसरलो, त्याची मला चार दिवस रुखरुख आहे. तू तिथे गेल्यावर विचार. निकालाचा कागद आला की त्यातले आकडे जसेच्या तसे मला लिही.

बाकी दोन काजं सावकाश कर. शर्टाची घाई नाही.

तुझा,
टिपण्या

१३ ऑक्टोबर

टिपण्या,

आधीच कबूल करते, रक्ताला गेले नाही. थंडीच्या कोटांचं काम एकदम आलं आहे. मास्तरांकडे अकरा कोट, प्रत्येकाला नऊ काजं, आणि त्यांचा दुसरा कारागीर पळाला. पुढच्या आठवड्यात जाईन, शप्पथ.

तोंड आलंय. जीभ सोलल्यासारखी झाली आहे, गरम चहा तोंडात धरवत नाही. मास्तर म्हणतात, फार बोलतेस म्हणून. दंडावर एक काळानिळा डाग आहे, कुठे आपटले आठवत नाही. बोटं दुखली की कोपऱ्यावरच्या दुकानातली दुखण्याची गोळी घेते. ती डॉक्टरांना सांगितली नव्हती, तुलाही नाही. आता सांगितली.

दोन दिवस झाले, तुझ्या पुड्या थांबवल्या आहेत. तोंड बरं झालं की परत घेईन. चालेल ना? तू वहीत बघून सांग.

शर्टाचं सहावं काज झालं. एकच राहिलं.

ताई

१७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि मी लगेच उत्तर लिहितो आहे. वही उघडून समोर ठेवली आहे.

डॉक्टरांचे शब्द : "सुरुवातीला मळमळेल, क्वचित तोंड येईल. जास्त झालं तर मला दाखवा. पण आपल्या मनाने औषध बंद करू नका, सगळे तिथेच चुकतात." म्हणजे तू तेच केलंस. आईनेही असंच केलं होतं, आठव. जरा बरं वाटलं की काढा बंद, जरा दुखलं की काढा बंद.

डॉक्टरांना दाखवून ये, रक्तही दे, पण तोपर्यंत पुड्या थांबवू नकोस. आजपासूनच परत सुरू कर. कोपऱ्यावरच्या दुकानातली गोळी मात्र पूर्ण बंद. माझ्यासाठी एवढं कर.

तुझा,
टिपण्या

२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सोळा दिवस झाले, उत्तर नाही. फोन लागत नाही. कोटांचं काम असेल असं मी धरून चाललो आहे. एक ओळ लिही.

तुझा,
टिपण्या

२४ नोव्हेंबर

टिपण्या,

उशीर झाला, रागावू नकोस. काम फार होतं, फोन बिघडला होता, आणि लिहायचा कंटाळा.

एक सांगायचं आहे ते सांगून टाकते. तुझ्या पुड्या मी बंद केल्या. कायमच्या. उरलेल्या फेकून दिल्या, डबाही धुऊन ठेवला. रोज उठून तेच तेच मला जमत नाही. पुढच्या पुड्या भरून पाठवशील म्हणून आधीच कळवते, पाठवू नकोस. पाठवल्यास तर मी घेणार नाही.

डॉक्टरांकडेही सध्या जाणार नाही. जाईन तेव्हा सांगेन. तू रजा काढून येऊ नकोस.

थंडीची मफलर बांध.

ताई

३० नोव्हेंबर

ताई,

पत्र चार वेळा वाचलं. आधी मला वाटलं, दुसऱ्या कोणी लिहिलं आहे. अक्षर इतकं मोठं आणि वेडंवाकडं कधी नव्हतं. मग कळलं की ते तुझंच आहे आणि तसं का झालं आहे तेही कळलं. तू औषध सोडलंस म्हणून.

कंटाळा! ज्या बाईने मला एका "ज्ञ"साठी शंभर वेळा पाटी पुसायला लावली, ती मला कंटाळा म्हणून सांगते. मी सव्वादोन तास मान खाली घालून एकेक गोळी मोजली. तुला पुडी उघडून तोंडात टाकायची होती, एवढंच. तेही झालं नाही. आणि फेकून दिल्यास.

आईला माहीत नव्हतं म्हणून तिचे हात गेले. तुला सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं, आत्ता धरा, हीच वेळ आहे. ती वेळ तू आळसाने घालवते आहेस. उद्या पेला मनगटांत धरायची पाळी आली तर माझ्याकडे बघू नकोस. तुला स्वतःच्या हातांची किंमत नाही.

कठोर लिहिलं आहे. खोडत नाही.

टिपण्या

२० जानेवारी

चिरंजीव टिपण्या यास,

मी तुझ्या ताईला काम देणारा शिंपी, ज्याला तुम्ही दोघं मास्तर म्हणता तो. तुझा पत्ता तिच्या मशीनच्या खणातून घेतला. तुला लिहू नका असं तिने मला बजावलं होतं. महिनाभर मी गप्प बसलो. आता बसवत नाही.

तिने काजं करणं सोडलं आहे. सोडलं म्हणजे होत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, आत वळून राहिली आहेत. अंगुस्तान बोटात जातं, पण बोट सुईला धरायला वळत नाही. मी तिला आता धागे कापायचं आणि इस्त्रीचं काम देतो. ती हसत करते. तेच बघवत नाही.

तुला ठाऊक आहे की नाही मला कळत नाही, म्हणून लिहितो. ऑक्टोबरच्या शेवटी ती अकरा दिवस इस्पितळात होती. तोंड आलं तेव्हा तिने गोळ्या थांबवल्या होत्या. मग तुझं पत्र आलं. मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "साहेबांचा हुकूम आला." त्या दिवसापासून परत घ्यायला लागली. पाचव्या दिवशी माझ्या दुकानात, कापायच्या टेबलाशी, ती खाली बसली ती उठेना. अंगात ताप, तोंडातून रक्त. रक्तातल्या पेशी पार उतरल्या होत्या म्हणाले. वाचेल असं पहिले तीन दिवस कोणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

सोडताना डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांना भेटा, नव्याने उपचार सुरू करता येईल. दोन महिने होऊन गेले. मी रोज म्हणतो, चल, मी येतो बरोबर. ती म्हणते, "बघू मास्तर." कशाला अडते आहे ते सांगत नाही. तुझं नोव्हेंबरातलं पत्र मात्र उशीखाली ठेवते. मी ते वाचलेलं नाही.

तू समजावलंस तर ऐकेल.

आशीर्वाद,
मास्तर

२ फेब्रुवारी

ताई,

मास्तरांचं पत्र आलं. त्यांना रागावू नकोस.

ते वाचून मला आधी वाटलं की औषधच वाईट होतं. मग वाटलं, दुसरं आणता येईल, तुला घेऊन मीच जाईन. पण आधीचं नेमकं काय होतं ते दाखवायला हवं, म्हणून शनिवारी नमुन्याच्या दोन्ही पुड्या खणातून काढल्या आणि चौकातल्या औषधांच्या दुकानात गेलो. तिथे एक वयस्कर बाई असतात. चष्मा कपाळावर ठेवतात आणि बारीक वाचायचं झालं की भिंग घेतात. मी "सोमवार" लिहिलेली पुडी उघडून त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली.

गोळीवरची बारीक खूण भिंगाने पाहून त्या म्हणाल्या, "ही आठवड्याची."

मी म्हटलं, "नाही, ही रोजची. आठवड्याच्या या दुसऱ्या पुडीत आहेत, सहा."

त्यांनी ती पुडी उघडली. भिंगाने एकेक बघितली. म्हणाल्या, "या रोजच्या. साधं जीवनसत्त्व आहे. ती एकटी आहे ती कडक आहे. कोणी सांगितलं उलटं?"

"पुडीवर लिहिलंय."

"पुडीवर कोणी लिहिलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. म्हणाल्या, "बाळा, ती कोणी रोज घेतली तर नाही ना? आठवड्याच्या सहाच्या सहा एकाच दिवशी पोटात जायला लागतात. मग सहा दिवस शरीराला उसंत मिळते. रोज एक घेतली तर ती उसंतच मिळत नाही. रक्त तयार होणं बंद पडतं. वर दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर आणखी वाईट." आणि मग, "बरी आहे ना ती?"

मी हो म्हटलं आणि बाहेर आलो. पुड्या तिथेच राहिल्या. परत जाऊन आणल्या.

घरी येऊन सप्टेंबरची वही काढली. सगळं लिहिलेलं आहे. दहा वाजता बसलो, रोजची वाटी डाव्या हाताला, आठवड्याची उजव्या हाताला, चिठ्ठ्या वाट्यांखाली. पावणेअकरापर्यंत गोळ्या फोडून झाल्या. अकराला ऊन डोळ्यांवर आलं म्हणून खुर्ची पलीकडे नेली. पुड्या त्यानंतर भरल्या. वाट्या जागच्या जागी होत्या, ताई. मी फिरलो होतो. मला डावी ती रोजची एवढंच लक्षात होतं आणि पलीकडे बसल्यावर डावी ती दुसरी झाली. चिठ्ठी वाटीखाली, वाटी न उचलता दिसत नाही. दोन्हींच्या गोळ्या सारख्याच, बहात्तर आणि बहात्तर, त्यामुळे शेवटी मोजल्या तेव्हाही जुळल्या. जुळल्या म्हणून मी खूश झालो होतो. वहीत तेही लिहिलेलं आहे, "बरोबर."

घरात मी एकटाच होतो. तो माल मी भरला होता.

आणि तू विचारलंस, थांबवल्या तर चालेल ना, वहीत बघून सांग. मी वहीत बघितलं आणि थांबवू नकोस म्हणून सांगितलं.

नोव्हेंबरातलं पत्र फाडून टाक. मी खोडत नाही म्हणालो होतो. ते आता मला कशानेही खोडता येणार नाही.

मी तुला विष वार लिहून दिलं.

टिपण्या

११ फेब्रुवारी

टिपण्या,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले, तेव्हा नीट वाच. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून जाड केली आहे, मास्तरांची युक्ती.

मला माहीत होतं. इस्पितळात चौथ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा डॉक्टरांच्या हातात डबा होता. त्यांनी विचारलं, "या पुड्या कोणी भरल्या?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "अक्षर फार सुरेख आहे तुमचं." मला तेवढ्यातही बरं वाटलं बघ.

आता ऐक. तू म्हणतोस तशी चूक तुझी नाही. त्या दिवशी मी मास्तरांकडे जायला निघाले आणि वाटेतून परत आले, टेप विसरले होते. तू गोळ्या फोडून हात धुवायला मोरीत गेला होतास. टेबलावर चहाचा डाग होता. मी दोन्ही वाट्या उचलल्या, पुसून घेतलं आणि परत ठेवल्या. चिठ्ठ्या पाहिल्या पण कोणती कुठली याकडे लक्ष दिलं नाही. तुला हाकही मारली नाही, टेप घेतली आणि गेले. म्हणजे झालं ते माझ्या हाताने झालं. वर रक्ताला गेले नाही, तेही मीच. तुझ्या वहीत हे लिहून घे.

डॉक्टरांकडे का गेले नाही ते मास्तरांना सांगितलं नव्हतं, तुला सांगते. गेले असते तर तू रजा काढून आला असतास. माझ्या शेजारच्या खुर्चीवर वही घेऊन बसला असतास. त्यांनी जुने कागद उघडले असते आणि तुझ्यासमोर विचारलं असतं, पुड्या कोणी भरल्या. तुझं तोंड मला माहीत आहे. पाच वर्षांचा असताना दूध सांडलं तर दोन दिवस जेवला नव्हतास. मी म्हटलं, जरा थांबू. याच्या डोक्यातून पुड्या जाऊ देत, मग एकटीच जाऊन येईन. थांबता थांबता थंडी संपली. बोटं काही थांबली नाहीत.

तुझं नोव्हेंबरातलं पत्र फाडणार नाही. त्यात तू पहिल्यांदा मला रागावला आहेस. आळशी म्हणालास ते मला चाललं. दुसरं काही म्हणाला असतास स्वतःला, ते चाललं नसतं.

परवा मास्तर ओढूनच घेऊन गेले. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, आठ बोटं अजून राखता येतील. नवीन औषध देतो, अगदी थोड्यापासून सुरू करू, दर पंधरा दिवसांनी रक्त बघू. त्या दोन बोटांचं विचारलं तर म्हणाले, "ती आता अशीच." मी म्हटलं, असू देत, दहा कशाला लागतात. मास्तर बाहेर जाऊन उभे राहिले.

तुझा शर्ट तसाच आहे. सहा काजं झालेली, सातव्याला नुसती चीर दिली आहे. ती ऑक्टोबरातली. मास्तर म्हणाले मी करून देतो. मी दिला नाही.

गोळ्या आणल्या आहेत. स्ट्रिपमध्येच आहेत, कपाटात. अजून घेतलेली नाही. फोडता येत नाही.

ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वाट्यांचं लिहिलंस ते वाचलं. तू परत आलीस, टेप घेतलीस, हे माझ्या वहीत नाही. हात धुवायला उठलो तेही नाही. पण वहीत सगळंच असतं असं थोडंच आहे. तू म्हणतेस तर तसंच झालं असेल. आता आपण त्याबद्दल बोलायचं नाही.

नोकरी सोडतो म्हणून मालकांना आज सांगितलं. त्यांना वाटलं दुसऱ्या दुकानाने बोलावलं. मी म्हटलं, बहिणीकडे चाललो आहे, राहायला. ते म्हणाले, "तुझ्यासारखा मोजणारा मला परत मिळायचा नाही." माझ्या खणातल्या नमुन्याच्या पुड्या त्यांच्या ताब्यात दिल्या, दोन सोडून.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. तोपर्यंत गोळी दाताने फोडू नकोस. मास्तरांना फोडून द्यायला सांग, एकच, त्या दिवसाची आणि त्यांच्यासमोर घे. मी आल्यावर मी फोडेन. स्ट्रिपवरचं नाव आधी तू मोठ्याने वाचायचं, मग मी वाचेन, मग फोडायची. पुडी बांधायची नाही. वाटी काढायची नाही.

शर्ट मास्तरांना दिला नाहीस ते बरं केलंस. सातवं काज मी करतो. सुई, निळा धागा आणि तुझं अंगुस्तान काढून ठेव. मला बटणही लावता येत नाही हे खरं आहे. अक्षर शिकवताना तू माझा हात धरायचीस. आता धरता यायचा नाही. खिडकीपाशी बस, बोटं उन्हात ठेव आणि तोंडाने सांग. सुई कुठून वर काढायची, किती ओढायची. चुकलं तर उसवायला लाव, शंभर वेळा लाव.

मी खुर्ची हलवणार नाही.

तुझा,
टिपण्या